भुरकेसाहेबांचा गिळायचा चहा

भुरके हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. चहाच्या कंपनीत त्यांच्यानंतर लागलेली मंडळी भुरके हेच आडनाव समजून चालायची. एकदा नव्या मॅनेजरनं कंपनीच्या समारंभात त्यांच्या बायकोला 'मिसेस भुरके' अशी हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला शोभेल असं आडनाव कुणीतरी शोधल्याचं समाधान त्या बाईंना झालं, आणि त्यांनी ओ दिली.

नाव पडलं ते भुरक्यावरून. साहेब चहा चाखायचे. चहा आपण सगळेच चाखतो, पण त्यांना त्याचा पगार मिळायचा. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. थेट ऊन कधीच येणार नाही अशा बाजूला तिच्या खिडक्या, आणि खिडक्यांखाली पांढऱ्याशुभ्र ओट्यावर झाकणाच्या किटल्यांची रांग. प्रत्येक किटलीपुढे बिनकानाची एक वाटी, वाटीत चहा, उलट्या झाकणावर भिजून फुगलेली पत्ती. पांढरा कोट चढवून साहेब रांगेच्या टोकाशी उभे राहायचे, चमचा बुडवायचे, ओठांशी न्यायचे आणि भुरका मारायचे.

जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा तो आवाज होता. श्वासाबरोबर चहाचा फवारा टाळूपर्यंत उडवायचा, वास आतल्या बाजूनं नाकात चढवायचा, घोट या गालातून त्या गालात फिरवायचा, क्षणभर छताकडे बघायचं आणि थुंकायचं. थुंकायला चाकांवरची उंच पिकदाणी होती. साहेब तिला गुडघ्यानं पुढे सरकवत रांग संपवायचे. पिकदाणी मागे राहून गेली तरी अडायचं नाही. धार लांबूनही बरोबर मध्यात पडायची, कडेला टिंबसुद्धा लागायचं नाही. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना आधी गोदाम दाखवायचे आणि मग हे.

थुंकून झालं की निकाल. तोही एका शब्दात: तरतरीत. कोवळा. धुरकट. पोकळ. थकलेला. हे शब्द साहेबांच्या तोंडात इतके मुरले होते की माणसांनाही तेच लागायचे. जावयाला पहिल्यांदा भेटून घरी आले तेव्हा त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं होतं, की रंग चांगला आहे, पण अंगानं जरा पोकळ वाटतो. पुढे जावई तसाच निघाला, पण वाईट नव्हे. पोकळ चहाही लोक आवडीनं पितातच.

आता यातली गंमत अशी, की दिवसभरात शेकडो चहा तोंडात घेणाऱ्या या माणसाच्या घशाखाली त्यातला एकही उतरत नसे. गिळायचा चहा दिवसाला एकच. तो संध्याकाळी, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, कडेचा टवका उडालेल्या निळ्या कपातून. तो बायको करायची. पाणी, दूध, साखर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त भुकटी एकदमच पातेल्यात टाकायची आणि ती मंडळी आपसात भांडून दमेपर्यंत उकळत ठेवायची, ही तिची पद्धत. कंपनीतून येणारे उत्तमोत्तम नमुने तिला गवतासारखे लागत. ते ती शेजारणीला देऊन टाकायची, आणि शेजारीण ते कुंड्यांना घालायची.

कप पुढे ठेवून बायको रोज विचारायची, "कसा झालाय?"

साहेब भुरका मारायचे, गिळायचे आणि म्हणायचे, "ठीक."

इतक्या वर्षांत त्या निकालात काना-मात्रेचाही बदल झाला नाही. बायको मात्र भुरक्यावर रोज काहीतरी बोलायची. हे घर आहे, तुमचं ऑफिस नव्हे. वरच्या मजल्यावरचे लोक काय म्हणत असतील. साहेब सांगायचे, की वारा आत घेतल्याशिवाय चहा कळतच नाही. ती म्हणायची, कळून घेऊन करताय काय, रोज तर ठीकच म्हणता.

मग ठसका सुरू झाला.

सुरुवातीला कधीतरी एखादा. ठसका लागला की कुणीतरी आठवण काढतंय, असं म्हणून बायकोनं पहिले काही दिवस सोडून दिलं. पण तो रोज लागायला लागला, एका कपात दोनतीनदा लागायला लागला, आणि तिनं सरळच विचारलं, की या वयात रोज सांजवेळी नेमानं तुमची आठवण काढणारी ही कोण. साहेबांना वाईट वाटण्याऐवजी किंचित बरं वाटलं. त्यांनी इन्कार केला, पण घाईनं नाही.

ठसक्याला कारणं मात्र ते भराभर द्यायचे. बिस्किटाचा कण. खिडकीतला वारा. चहा गरम. चहा गार. एकदा तर वर्तमानपत्रातली बातमी. त्या वर्षात दोनदा ताप येऊन छाती भरली, तेव्हा त्यांनी दोष ऑफिसच्या पंख्याला दिला. ठसक्याचं खरं कारण निघालं तर काय होईल, हे त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं; पण जे होईल ते चहाला होईल, एवढा अंदाज त्यांना बरोबर आला होता.

पकडलं ते मुलीनं. मुलगी पोहायला शिकवायची. पाणी भलत्या वाटेनं गेलेला माणूस कसा दिसतो, मुख्य म्हणजे नंतर कसा बोलतो, हे ती रोज बघत आली होती. एका संध्याकाळी ती माहेरी आली असताना साहेबांनी चहा घेतला, ठसका दाबला, डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या नावावर खपवलं आणि सगळं छान आहे असं म्हणाले. ते 'छान' पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडलं.

"बाबा, परत बोला."

साहेबांनी कप पुन्हा तोंडाला लावला.

"आई, यांचा आवाज ऐकलास? हा माणूस बुडतोय. कपात."

पुढच्या आठवड्यात साहेब हॉस्पिटलात होते. गिळण्याचं बघणाऱ्या ज्या बाई होत्या त्यांच्या दारावर भलंमोठं पदनाम होतं, पण साहेबांनी तिथल्या तिथं त्यांचं 'गिळण्याच्या बाई' करून टाकलं. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. टेबलावर माणसाच्या गळ्याचा एक प्लास्टिकचा नमुना, मधोमध उघडून दोन फाका होणारा. साहेब बराच वेळ त्याकडे बघत राहिले. त्याला आपण काही देणं लागत असावं, अशा नजरेनं.

बाईंनी आधी खूप विचारलं. पातळ गिळताना त्रास होतो की घट्ट? जेवताना की जेवणानंतर? घास छातीत अडकल्यासारखा वाटतो का? वजन उतरलंय? साहेब प्रत्येक प्रश्नाला 'तसं काही नाही' म्हणायचे आणि मागे खुर्चीत बसलेली बायको खरं उत्तर द्यायची. मग जीभ बाहेर, जीभ आत, गाल फुगवा, आ म्हणा. जीभ बघून बाई म्हणाल्या, जीभ फारच तयार आहे तुमची. साहेबांनी मान लववली. मग बाईंनी कंठमण्यावर दोन बोटं ठेवून नुसतंच गिळायला सांगितलं. गिळताना कंठमणी झटकन वर जायला हवा, साहेबांचा जरा सावकाश उठत होता. उठताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या माणसासारखा. शेवटी पाणी दिलं. साहेब प्यायले, थांबले, शूरासारखे हसले आणि खोकले.

बाईंनी प्लास्टिकचा गळा उघडून दाखवला. पुढे श्वासाची वाट, मागे अन्नाची, आणि दोन्ही एकाच नाक्यावर. गिळताना श्वासाची वाट क्षणभर मिटते. तुमची मिटते, पण बहुतेक उशिरा. पातळ गोष्ट घाईची असते, ती तेवढ्यात आत घुसते. बहुतेक, असं त्या दोनदा म्हणाल्या. बाहेरून एवढंच कळतं. आत काय चाललंय ते बघायला तपासण्या आहेत. एकीत नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा वरून बघायचा. दुसरीत बेरियम नावाची पांढरी पूड अन्नात कालवून ते गिळताना एक्स-रेचा चालता सिनेमा घ्यायचा. दोन्हींत भूल नाही, टोचाटोची नाही, जागेपणी बसल्या बसल्या होतं. साहेबांनी दुखतं का असं विचारलं नाही. आधी ज्यांची झाली ते लोक बाहेर पडताना काय म्हणतात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक जण म्हणतात, एवढंच होतं का.

साहेबांची नजर मात्र फळीवरच्या एका डब्याकडे गेली होती. हे काय, त्यांनी विचारलं. काहींना पातळ झेपत नाही, तेव्हा त्यात ही पूड घालून घट्ट करून देतो, बाई म्हणाल्या. आणि विचारलंच आहे तर दाखवावं म्हणून त्यांनी पेलाभर पाण्यात पूड ढवळली. थोड्या वेळात चमचा त्यात उभा राहायचा विचार करू लागला.

"चहासुद्धा?" साहेबांनी विचारलं.

"लागलं तर चहासुद्धा. तपासणी झाल्यावर ठरेल."

संध्याकाळचा चहा पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखा झालेला, चमच्यानं कपातून खरवडून घेतोय, आणि बायको विचारतेय कसा झालाय, हे चित्र परतीच्या वाटेवर साहेबांच्या डोळ्यांपुढून हलेना. तपासणीत पास व्हायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तयारी करायची गरज नाही हे बाईंनी सांगून ठेवलं होतं, पण हुशार विद्यार्थी असल्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. साहेब न्हाणीघरात नळ सोडून गिळण्याचा सराव करू लागले. नळाच्या आवाजात खोकला झाकला जातो, असा त्यांचा समज होता. बाहेर बायको रोज मोठ्यानं विचारायची, की आत आणखी कोण आहे का, दोघांचा आवाज येतोय.

आधी कॅमेरा झाला. घशाच्या डॉक्टरांनी उंच खुर्चीत ताठ बसवलं, नाकात कसलेसे गार थेंब सोडले आणि इअरफोनच्या वायरएवढी नळी, टोकाला दिवा लावलेली, हळूहळू आत घातली. डोळ्यांतून पाणी आलं, शिंक येते येते म्हणता परत गेली, आणि समोरच्या पडद्यावर साहेबांना स्वतःचा घसा दिसला. ओला, गुलाबी आणि अपेक्षेपेक्षा नीटनेटका. ई म्हणा म्हटल्यावर आतले दोन पांढरे पडदे एकमेकांना चिकटले. हाच तो तुमचा आवाज, डॉक्टर म्हणाले. साहेबांनी पुन्हा एकदा, न सांगता, ई म्हणून बघितलं.

मग हिरवा रंग घातलेलं दूध, हिरवं दही, हिरवं बिस्किट. गुलाबी घशात हिरवं लगेच उठून दिसतं म्हणून हिरवं. साहेबांनी सगळं निमूट गिळलं. नाकात वायर असताना कोणत्याही माणसाला आपला व्यवसाय आठवत नाही. पण या तपासणीची एक खोड आहे. ऐन गिळण्याच्या क्षणी घसा कॅमेऱ्यावर मिटतो आणि पडदा पांढराफेक होतो. चोरी होते त्याच वेळी दिवे गेल्यासारखं. दिवे परत आले तेव्हा आवाजाच्या पडद्यांपाशी एक हिरवा थेंब निष्पाप चेहऱ्यानं बसलेला सापडला. तो तिथं कसा आणि केव्हा आला, हे बघायला सिनेमाच हवा, असं ठरलं.

सिनेमाच्या दिवशी बायको पिशवी घेऊन आली. पिशवीत थर्मास आणि रुमालात गुंडाळलेला निळा कप. तपासणीनंतर पोटात काहीतरी जायला हवं, आणि बाहेरचा चहा तुम्ही नावं ठेवल्याशिवाय पिणार नाही, हे तिचं म्हणणं. ती बाहेर बाकावर बसली, साहेब आत गेले.

आणि आत गेल्या गेल्या त्यांच्यात काहीतरी ताठ झालं.

खोलीला खिडकी नव्हती. बाकी मात्र सगळं होतं. पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या कपांची रांग: पहिल्यात पातळ, मग किंचित दाट, मग दह्यासारखं, शेवटी बिस्किटावर थापलेलं. प्रत्येकापुढे चमचा. पांढऱ्या कोटातली माणसं हात मागे बांधून उभी, निकालाची वाट बघत. यंत्र चालवणारे एक्स-रेवाले गृहस्थ शिशाचा जड अंगरखा घालून खुर्चीपाशी आले, खांदे सैल सोडा म्हणाले, कडेनं चित्र घ्यायचंय, हलू नका म्हणाले. गिळण्याच्या बाई काचेमागच्या पडद्याजवळ आणि साहेबांजवळ अशा दोन्हीकडे होत्या. त्यांनी पातळाचा कप साहेबांच्या हातात दिला. तोंडात घ्या, मी सांगेन तेव्हा गिळा.

साहेबांनी कप खाली ठेवला. चमचा उचलला. बुडवला. ओठांशी नेला.

जाड कापड फाटलं. एक्स-रेवाले एक पाऊल मागे सरकले. साहेबांनी घोट या गालातून त्या गालात फिरवला, छताकडे बघितलं आणि थुंकले. भिंतीशी वापरलेल्या हातमोज्यांची बादली होती, चांगली लांब. धार बरोबर मध्यात पडली.

"अंगानं भरलेला," साहेब म्हणाले. "पण शेवट खडूचा."

काचेमागच्या पडद्यावर, बेरियम तिथं काळंच दिसतं म्हणून, काळा घोट तोंडात आला होता, फिरला होता, आणि ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत गेला होता. त्या यंत्राच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं.

बाईंनी समजावून सांगितलं, की हे थुंकायचं नाही, गिळायचं. साहेब मनापासून शरमले. चुकून झालं, म्हणाले, हाताला वळण आहे. दुसऱ्यांदा त्यांनी चमचा मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला आणि कपच तोंडाला लावला. घोट घेतला. बाई म्हणाल्या, गिळा. साहेबांनी मान हलवली. गिळा, काका. साहेबांनी पुन्हा मान हलवली. चेहऱ्यावर फार मोठी अंतर्गत चर्चा चालल्याचं दिसत होतं. चर्चेचा निकाल बादलीत पडला. तोही मध्यात.

तिसऱ्यांदा एक्स-रेवाल्यांनी खबरदारी म्हणून बादली खोलीबाहेर नेऊन ठेवली. साहेबांना बादली लागते, हा त्यांचा गैरसमज होता. कोपऱ्यातल्या हात धुवायच्या बेसिनात आवाजसुद्धा झाला नाही.

आता मात्र साहेब घाबरले. त्यांना गिळायचं होतं. गिळण्यावर तर सगळं अवलंबून होतं. पण रांगेनं मांडलेले कप, हातात नमुना आणि भोवती पांढरे कोट, एवढं जमून आलं की त्यांचा घसा कुलूप लावून निघून जायचा. सगळी नोकरी त्या कुलपात गेली होती. बाईंनी जवळ येऊन हळूच सांगितलं, की यंत्र अशा कामासाठी थोडाच वेळ चालवायचं असतं, किरणं उगाच कशाला. आज नाही जमलं तर हरकत नाही, पुन्हा कधी बघू. तोवर कॅमेऱ्यात दिसलं त्यावरून, सुरक्षित म्हणून, सगळं घट्ट करून घ्यायचं.

"चहासुद्धा," साहेब म्हणाले. या वेळी तो प्रश्न नव्हता.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही गिळता तरी काय?"

साहेबांनी दाराकडे बोट केलं.

बायकोला आत घेतलं. तिलाही शिशाचा अंगरखा चढवला. तो तिच्या घोट्यांपर्यंत आला, आणि ती किल्ल्याचा दरवाजा सांभाळणाऱ्या शिपायासारखी दिसू लागली. झालेला प्रकार बाईंनी थोडक्यात सांगितला. बायकोनं बादली कुठंय विचारलं, बाहेर आहे कळल्यावर मान हलवली. थर्मास उघडला, निळा कप पुसला, चहा ओतला. बाईंनी त्यात बेरियम घालून ढवळलं. चहाच्या मूळच्या रंगात फारसा फरक पडला नाही. कपांची रांग बायकोनं, कुणालाही न विचारता, टेबलासकट बाजूला सरकवली, आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

"घ्या. गार होतोय."

साहेबांनी आत डोकावून बघितलं. "यात खडू घातलाय," ते म्हणाले.

"रोज काय घालते ते विचारलंत कधी? थुंकलात तर बघा."

साहेबांनी डोळे मिटले. भुरका मारला, आणि गिळला. आणि लगेच खोकले.

पण काचेमागे सगळे पडद्यावर वाकले होते. ते सिनेमा पुन्हा लावून सावकाश बघू लागले, आणि बाईंनी साहेबांनाही खुर्ची वळवून दाखवलं. कवटीची कडेची बाजू, दातांच्या रांगा, मानेचे मणके, आणि काळा चहा. भुरक्याचा श्वास आत ओढला जात होता, श्वासाची वाट सताड उघडी, आणि त्या वाऱ्यावर स्वार होऊन चहाचा एक केसाएवढा काळा धागा, दार मिटायच्या आत, ऐटीत आत शिरत होता. मागोमाग दार मिटत होतं. कंठमणी आधीच सावकाश, त्यात साहेब त्याला वादळात दार लावायला पाठवत होते.

"म्हणजे भुरका," बायको म्हणाली.

"बराचसा भुरका," बाई म्हणाल्या. "आणि थोडं वय."

शिशाच्या अंगरख्यात बायको थोडी उंच झाली. संसारभर जे ती तोंडानं सांगत आली होती, ते आता एक्स-रेवर आलं होतं.

मग बाईंनी पुढची पायरी सांगितली. हनुवटी छातीकडे झुकवा. छोटासा घोट. श्वास ओढायचा नाही, ओठ कपाला टेकवून नुसता आत घ्यायचा. आणि आवाज नाही.

"आवाज नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं. गवयाला तोंड न उघडता गायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"अहो, बाकीचे लोक पितात तसा," बायको म्हणाली.

साहेबांनी हनुवटी झुकवली. कप ओठांना लावला. खोलीत यंत्राची घरघर तेवढी होती. घोट आत गेला. बाईंनी गिळा म्हणायच्या आधीच तो गेला होता. जिभेवरून मागे, नाक्यावर, आणि समोरची वाट मिटलेली बघून, मुकाट मागच्या वाटेनं खाली. काळा धागा नाही. खोकला नाही. एक्स-रेवाल्यांनी अंगरख्याच्या आत टाळी वाजवल्यासारखं काहीतरी केलं. पुन्हा घ्या. पुन्हा स्वच्छ. जरा मोठा घ्या. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी किंचित सांडला, पण आत नाही. हनुवटी सरळ करून घ्या. लगेच धागा. परत झुकवा. स्वच्छ. मग खुर्ची फिरवून समोरून एकदा. दही, बिस्किट, सगळं बायकोच्या हातून, सगळं खाली. शेवटी शेवटी साहेबांना इतकं चढलं, की अजून काही आहे का विचारू लागले, आणि बायकोनं हे जेवण नव्हे म्हणून सांगितलं.

निकाल बाईंनी तिथंच दिला. चहा चालेल, पातळच चालेल. हनुवटी खाली, घोट लहान, ताठ बसून, पिताना बोलायचं नाही. घशाचे काही व्यायाम देते, ते करायचे. पुन्हा ताप आला किंवा छाती भरली तर लगेच यायचं. बेरियम पोटात गेलंय, एकदोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका. पाणी भरपूर प्या, तेही हनुवटी खाली घालूनच. डब्यातली पूड फळीवरच राहील.

"पण भुरका बंद," त्या म्हणाल्या. "घरीही आणि ऑफिसातही. थुंकत असलात तरी, ओढताना जातोच."

साहेब एवढा वेळ हसत होते ते थांबले. त्यांनी कपाकडे बघितलं. तळाशी अजून थोडा होता. एका बाजूला नाव, तिसरा मजला, पाहुण्यांना दाखवायची धार. दुसऱ्या बाजूला हा टवका उडालेला कप, तोही अर्धा खडूचा. मग त्यांनी हनुवटी झुकवली आणि तळातला चहा संपवला. आवाज न करता. तेच त्यांचं उत्तर होतं, आणि ते बाईंआधी बायकोला कळलं.

ऑफिसात जमलं ते असं. साहेब आता पत्ती बघतात, तिचा वास घेतात, वाटीतला रंग बघतात. भुरका त्यांच्या हाताखालची मुलगी मारते. तो साहेबांच्या मते अजून कोवळा आहे. पिकदाणी गुडघ्यानं सरकवायचं काम त्यांनी आपल्याकडे ठेवलंय. तिची धार कधीकधी कडेला लागते, तेव्हा पिकदाणीच इकडची तिकडे न्यावी लागते. नवीन लागलेल्यांना हे साहेब मुळात भुरके का, ते आता कळत नाही. असेल आडनाव, असं धरून ते चालतात.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा मुलगी दारातच उभी होती. झालेलं सगळं आईनं सांगितलं, बादलीसकट, आणि मग बेसिनसकट. मुलगी भिंतीला टेकून हसता हसता खाली बसली. शेवटी तिला हवं ते तिनं विचारलं, की चहा चालू की बंद. चालू, आई म्हणाली, आणि पातेलं चढवलं. पाणी, दूध, साखर, भुकटी, एकदम.

साहेब टेबलापाशी ताठ बसले. निळा कप पुढे आला. त्यांनी हनुवटी खाली घातली आणि घोट घेतला. घरात एवढी शांतता त्या वेळेला कधीच नसायची. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको आवाजाची वाट बघून मागे वळली.

"प्यायलात का? काही ऐकू आलं नाही."

साहेबांनी गिळून झालं असं खुणेनं सांगितलं. पिताना बोलायचं नव्हतं.

"मग? कसा झालाय?"

साहेबांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि थांबले. आज वारा आत घेतला नव्हता. वास नाकात चढला नव्हता, घोट गालांतून फिरला नव्हता. चहा नुसता आत आला होता, कुणाच्या तरी हातचा, आणि खाली गेला होता, आणि तरी कळला होता. साहेबांनी क्षणभर छताकडे बघितलं.

"उकळून उकळून जीव गेलाय त्याचा," ते म्हणाले. "साखर जास्त. भुकटी पेटीतली शेवटची असावी, धूळ आहे निव्वळ. दुधानं बाकीच्यांचं तोंड बंद केलंय."

मुलगी आईकडे बघू लागली. आई पदराला हात पुसत होती. इतक्या वर्षांनी आलेला निकाल तिनं नीट ऐकून घेतला.

साहेबांनी उरलेला चहाही लहान लहान घोटांनी संपवला आणि रिकामा कप पुढे सरकवला.

"अजून आहे का?"

"अर्धाच उरलाय," ती म्हणाली, आणि ओतायला वळली. "हनुवटी खाली."